ऐतिहासिक प्रेमकथेतली दुखावलेली नायिका प्रेमाने 'बरी' होते, हे तुम्हाला पटतं का?

रातवा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एक कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ १८९० च्या आसपासचा, गाव पुणे. नायिका कोकणातली बालविधवा. आठव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत नवरा गेला. सासरी बारा-तेरा वर्षं राबल्यावर भाऊ तिला पुण्याला घेऊन येतो आणि शाळेत घालतो. नायक कॉलेजात शिकवतो, बिजवर आहे, सुधारक आहे. पुढचं सांगायला नको.

खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "छान जमलंय, पण त्याने हात धरला आणि बारा वर्षांचं दुःख एका प्रकरणात गेलं. प्रेम म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे का, दोन चमचे घेतले की आराम?" तेव्हापासून लेखणी अडली आहे. तो प्रसंग खाली देते.

"त्याने तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. ती थरथरली. 'माधव, तू मला नवा जन्म दिलास,' ती पुटपुटली. इतक्या वर्षांचं सगळं दुःख त्या सुगंधात विरून गेलं."

हे खोटं वाटतं का? आणि खोटं वाटत असेल तर अशा बाईला कशाने बरं वाटलं असतं?

तात्पुरता
पहिला! मोगरा छान. बाकी जाणकार येतीलच.

कळलावी
गजरा कुठल्या केसांत माळला ते आधी सांगा. सासरी बारा वर्षं काढलेली कोकणस्थ विधवा म्हणजे न्हाण आल्यावर केशवपन झालेलं असणार. पुण्यात येऊन शाळेत जायला लागली, केस राखायला लागली, असं धरलं तरी लग्नापर्यंत केस किती वाढतील? मानेपर्यंत. गजरा टिकेल का तिथे?

आणि "माधव, तू"? १८९० साली? नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायचं असतं हो. "इकडून येणं झालं का", "इकडची स्वारी" असं काहीतरी म्हणेल ती. तुमच्या नायिकेच्या तोंडी कालची मालिका आली आहे. (हलके घ्या.)

तात्पुरता
कळलावीताई, तुमचं आयडी सार्थ आहे.

वाचनवेडी_सुमा
मी उलट बाजूने बोलते. प्रेमकादंबरी वाचणारा वाचक शेवट गोड होणार हे ठरवूनच पुस्तक उघडतो. तो करार लेखकाने मोडू नये. विधवेची गोष्ट म्हटली की ती मेलीच पाहिजे, वेडी झालीच पाहिजे, विहीर जवळ केलीच पाहिजे, असं आपण दीडशे वर्षं लिहीत आलो. एखादीला सुखात नांदू द्या की. रातवा, गोड शेवट ठेवा. एका प्रकरणात नको, वीस प्रकरणांत करा, एवढंच.

देवरुखकरीण
रातवा, तुमची नायिका वाचून मला एकदम बाया कर्वे आठवल्या. मुद्दाम घेतलं आहे की योगायोग?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माहेरच्या गोदूबाई जोशी, आमच्या देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या. पुढची बरीच वर्षं सासरी कष्टात गेली. भाऊ नरहरपंत जोशी मुंबईत, धोंडो केशव कर्व्यांचे जिवलग मित्र. त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई. पुढे सदन पुण्यात आलं. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली. पुनर्विवाह केला तर विधवेशीच, असं त्यांचं ठरलेलं होतं. त्यांचं आणि गोदूबाईंचं लग्न झालं ११ मार्च १८९३ ला, पुण्यात.

तारीख बघा. शाळा उघडली तीच तारीख, चार वर्षांनी. कादंबरीत लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलंय म्हणाला असता कोणीतरी.

त्यांचं 'माझे पुराण' (१९४४) मिळवून वाचाच. गजरा-बिजरा काही नाही त्यात. शिकायला मिळालं याचा आनंद मात्र पानोपानी आहे.

रातवा
योगायोग नाही, बीज तिथलंच आहे 🙂 पण चरित्र लिहायचं नाहीये मला, म्हणून नावं-गावं बदलली. आणि कळलावी, केसांचा मुद्दा मान्य. डोक्यातच आला नव्हता.

जुनाट_पेन
देवरुखकरीण यांनी चांगला दाखला दिला, पण पुढचं अर्धं राहिलं. लग्नानंतर काय झालं? कर्व्यांच्या गावी, मुरूडला, गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. (दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. दर वेळी हा घोळ होतो.) ज्या गावासाठी कर्व्यांनी फंड उभा केला तेच गाव. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार.

आणि घरात तरी सगळं गोड होतं का? कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि साठवलेले पैसे त्यात घातले. पुढे स्वतःच्या आयुष्याची पाच हजारांची विमा पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. पदरात मुलं असलेल्या बायकोला काय वाटलं असेल? भांडणं झाली. बाईंनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, कारण हा माणूस घराकडे बघणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

म्हणजे ज्याने तिला 'वाचवलं' त्याच्या ध्येयवादापासून संसार वाचवायचं काम तिच्याकडेच आलं. रातवा, यावर लिहा. लग्नाच्या मांडवात कादंबरी संपवू नका.

वाचनवेडी_सुमा
मांडवातच संपवा. विमा पॉलिसीवर प्रेमकादंबरी कोण वाचणार?

आशाळभूत
मी वाचणार. एलआयसीत आहे.

बंड्या_नागपूरकर
मला एक सांगा बाप्पा, ऐतिहासिक मराठी कथेतली दुःखी विधवा दर वेळी ब्राह्मणाचीच का असते? महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत होता, मोहतूर म्हणत. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पाट त्याच्या आधीपासूनचा. आमच्या पणजीचा पाट लागला होता. तिला कोणी सुधारक नाही भेटला नि कोणी तिच्यावर पुस्तक नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी वावरात निंदायला गेली असेल.

कळलावी
बंड्या, मुद्दा बरोबर आहे, पण पाट म्हणजे फार मोकळीक असंही नका समजू. पाट रात्रीचा लावायचा, सवाष्णींनी तिथे थांबायचं नाही, पहिल्या लग्नाची शोभा नाही. मूलबाळ असेल तर ते पहिल्या नवऱ्याच्या घरच्यांकडे राहायचं. पाटाच्या बायकोला घरात मान दुय्यम. तुमच्या पणजीला कोणी विचारलं होतं का, कोणाशी पाट लावू म्हणून?

बंड्या_नागपूरकर
विचारलं नसेलच. दिराशीच लावला होता. आजी सांगायची, पणजी त्या माणसाशी वर्षभर धड बोलली नाही. मग एका पावसाळ्यात तिला हिवताप आला. त्याने चूल पेटवली, भाकरी थापली, जळाली, तरी तिच्यापुढे आणून ठेवली. ती हसली म्हणे. आजी हे सांगताना दर वेळी भाकरी आणखी जाळायची, त्यामुळे खरं किती ते विठ्ठलाला माहीत.

वाचनवेडी_सुमा
हे बघा! याला म्हणतात प्रेमकथा. रातवा, गजरा काढा, जळकी भाकरी घाला.

रातवा
बंड्यादादा, ही भाकरी मी चोरू का?

बंड्या_नागपूरकर
घ्या की. फक्त पणजीला ब्राह्मण करू नका.

शिरीष_पुणे३०
जाता जाता, सुधारकांच्या गप्पा चालल्यात म्हणून. न्यायमूर्ती रानडे पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. लोकांनी तेव्हाही बोल लावला. पण त्याच मुलीला त्यांनी शिकवलं आणि तीच पुढे सेवासदनाच्या रमाबाई रानडे झाली. तुमचा नायक इतका धुतल्या तांदळासारखा का आहे? जरा डगमगू द्या की त्याला. आईने डोळ्यात पाणी आणलं की सुधारणा ढिली पडते, हे खरं वाटेल.

जुनाट_पेन
+१. उद्धारक नायक हाच या प्रकारातला सगळ्यात कंटाळवाणा प्राणी. तो देणारा, ती घेणारी. जन्मभर उपकाराखाली राहिलेली बाई नवऱ्याच्या उपकाराखाली जाऊन बरी कशी होणार?

डॉ_मुक्ता
मी मानसोपचार करते, इतिहासात गती नाही, तेवढं समजून घ्या.

मूळ प्रश्नाकडे येते. लहानपणी ज्यांच्यावर बराच काळ घाव होत राहिले त्या बायका प्रेमळ जोडीदार मिळाला की लगेच खुलत नाहीत. अनेकदा उलट होतं. सुरक्षित जागी आल्यावरच जुनं वर येतं. घर चांगलं, माणूस चांगला, तरी ही रात्री दचकून उठते, कोणी मागून आलं तर अंग चोरते, जेवण उरवून लपवून ठेवते. नवऱ्याला वाटतं मी कुठे कमी पडलो.

रातवा, तुमच्या प्रसंगात एक फार चांगली गोष्ट आहे, पण तुम्ही ती वाया घालवली आहे. "ती थरथरली." तिच्या डोक्याला आजवर कोणाचा हात लागला असेल तर तो न्हाव्याचा. वस्तऱ्याचा. आता एक पुरुष तिच्या डोक्याकडे हात नेतोय. ती थरथरणारच, आणि ते प्रेमाने नव्हे. नायकाला ते कळलं आणि त्याने हात मागे घेतला, तर मी पुढचं पान उलटेन. त्याने गजरा माळलाच, तर पुस्तक मिटेन.

माणसाची साथ उपयोगी पडते, फार पडते. पण तिच्या जोडीला रोजचं ठरलेलं काम, हातात थोडा पैसा, 'नाही' म्हटलेलं ऐकणारं कोणीतरी, आणि आपल्यासारख्याच इतर बायका, हे सगळं लागतं.

वाचनवेडी_सुमा
डॉक्टर, अंगावर काटा आला. गजऱ्याबद्दलचं माझं मत बदललं. शेवटाबद्दलचं नाही.

तात्पुरता
न्हाव्यांवरून आठवलं. मुंबईतल्या नाभिकांनीच १८९० मध्ये ठरवलं होतं ना, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही म्हणून? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. म्हणजे रातवांच्या कादंबरीच्या काळातच. एखादा न्हावी पात्र म्हणून घ्या, वस्तरा खाली ठेवणारा. मी इतका वेळ टवाळी करत होतो, पण हे खरंच सुचलं.

देवरुखकरीण
तात्पुरता, फारच छान सुचवलंत!

डॉ. मुक्तांच्या "इतर बायका" वर थोडं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, पदरात एक मुलगा. तिने पुनर्विवाह केला नाही. सोवळ्या वेषातच कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचं काम करायला लागली, गावोगाव वर्गणी मागत हिंडली, पुढे अमेरिकेपर्यंत गेली. केस राखले तेही बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. एकाच आईच्या दोन मुली. एकीने मांडलेला संसार आणि दुसरीने न मांडलेला, दोघींची आयुष्यं उभी राहिली. शिवाय विनोद असा की पुनर्विवाह केलेली बाई दिसली तर लोक आश्रमाला पैसे देणार नाहीत, म्हणून खुद्द बायांना सुरुवातीला आश्रमापासून दूर राहावं लागलं.

रातवा, नायिकेला एक बहीण द्या.

कळलावी
आणि ती बहीण लग्नाला विरोध करू दे. सुधारक मंडळी आणि सनातनी मंडळी यांच्यातलं भांडण आपण पुष्कळ वाचलंय. दोन विधवा बहिणी एकाच खोलीत, एक लग्नाला निघालेली, दुसरी सोवळ्यातली, त्यांच्यातलं भांडण कुणी लिहिलंय?

वकीलसाहेबा
उशिरा आले, पण कोणीच कसं विचारलं नाही: इस्टेटीचं काय?

१८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह वैध झाला हे सगळे शाळेत शिकतात. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. ती मेली असं समजून मिळकत पुढच्या वारसाकडे. त्यामुळे सासरचे लोक 'धर्म बुडाला' म्हणून रडत असले तरी एखादा दीर मनातून खूश असू शकतो. रातवा, खलनायक हवा असेल तर हा घ्या. वहिनीच्या लग्नाला तोच गुपचूप मदत करतोय.

आणि बंड्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर खऱ्या इतिहासात आहे. रखमाबाई सगळ्यांना माहीत आहे, लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली, पुढे डॉक्टर झालेली. तिची आई जयंतीबाई कोणाला आठवते का? सुतार समाजातली, तरुण वयात विधवा, पदरात लहानगी रखमा. तिने आधी नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून दिली आणि मग डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांचीही पहिली पत्नी वारलेली.

हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आठ जणांनी स्थापन केली, त्यात दोनच भारतीय, आत्माराम पांडुरंग आणि हे. सावत्र मुलगी नांदायला जायला नको म्हणाली तेव्हा हा माणूस तिच्या बाजूने उभा राहिला. खटला चालू असताना १८८५ मध्ये वारला.

मला विचाराल तर एकोणिसाव्या शतकातली माझी आवडती प्रेमकथा हीच. त्यांनी एकमेकांना काय म्हटलं ते कुठे नोंदलेलं नाही. पण ज्या घरात मुलीला नाही म्हणता आलं, त्या घराबद्दल मला पुरेसं कळतं.

बंड्या_नागपूरकर
वकीलसाहेबा, हे माहीतच नव्हतं. रखमाबाईच्या नावाने नुसती सनावळी पाठ केली होती. धन्स.

जुनाट_पेन
पण रखमाबाईंनी स्वतः पुन्हा लग्न केलं नाही. लंडनला शिकून आल्या, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं दवाखाने सांभाळले. आणि ज्या दादाजीला आयुष्यभर नवरा मानलं नाही तो १९०४ मध्ये वारल्यावर विधवेचा वेष घेतला. हे कुठल्या प्रेमकथेत बसवाल, सुमाताई?

वाचनवेडी_सुमा
नाही बसत. सगळंच कशाला बसायला हवं? ती वेगळी कादंबरी आहे, तुम्ही लिहा. मी विकत घेऊन वाचेन आणि इथे येऊन रडेन.

आशाळभूत
दोघांनी मिळून लिहा. भांडणातून पुनर्विवाह होईल एखादा.

कळलावी
😂 जुनाट_पेन गप्प झाले.

रातवा
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कालची रात्र जागून तो प्रसंग फिरवला. वाचा आणि फाडा.

"ओटीवर दिवा ठेवून ते आत आले. हातात पुडा होता, मोगरीच्या फुलांचा. तिच्या मागे उभे राहिले तसे तिचे खांदे वर चढले, मान आत गेली. वस्तरा लागण्याआधी डोकं हलू नये म्हणून सासूबाई दाबून धरायच्या, तश्शी. ते थबकले. पुडा त्यांनी कोनाड्यात ठेवला आणि पाट ओढून तिच्यासमोर, दिसेल असे बसले.

'उद्या शाळेत परीक्षा आहे ना?'

'भूगोलाची.'

'येतो का?'

'नद्या येतात. डोंगर राहिलेत.'

मग ते डोंगर विचारत बसले. पुड्याकडे तिने पाहिलं नाही. सकाळी फुलं काळपट पडली होती. तिने ती केरात टाकली नाही, देवापुढे वाहिली नाही. भूगोलाच्या पुस्तकात दोन ठेवली, आणि सह्याद्री विसरली नाही."

डॉ_मुक्ता
समोर, दिसेल असे बसले. हे वाक्य ठेवा, संपादकाने काढा म्हटलं तरी.

कळलावी
सह्याद्रीवालं शेवटचं वाक्य कापा, शहाणपणा करतंय. बाकी जमलंय. एकदाही "तू" नाही, माधवही नाही. मी खूश.

शिरीष_पुणे३०
एक शंका. लग्न झाल्यावरही ती शाळेत जाते? सदनातच? १८९३ च्या उन्हाळ्यानंतरचं दाखवत असाल तर जपून. त्या वर्षी मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागार समितीतून रानडे-भांडारकर बाहेर पडले, पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. तुमच्या नायिकेचा भाऊ काय करेल? नायक काय करेल? दोघं सुधारक, पण शाळेवरून त्यांचं फाटू शकतं.

रातवा
अरे देवा. हे मी सोयीस्करपणे वगळलं होतं. आता घ्यावंच लागेल. म्हणजे लग्न झाल्यावर काही महिन्यांतच तिची शाळा सुटायची वेळ येते. आणि तेव्हा नायक डगमगतो?

जुनाट_पेन
डगमगू द्या. तिने शाळेसाठी नवऱ्याशी भांडलं पाहिजे. जिला बारा वर्षांत तोंड वर करायची मुभा नव्हती ती भांडतेय, आणि घरातून कोणी हाकलत नाहीये. तुमच्या मैत्रिणीला दाखवा हे प्रकरण. बरं होणं म्हणजे काय ते मला तरी यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

वाचनवेडी_सुमा
जुनाट_पेन आणि मी एकाच बाजूला? तारीख लिहून ठेवा कोणीतरी. भांडणानंतर समेट आहे ना पण?

रातवा
आहे. जळक्या भाकरीचा. नायिकेला ताप, स्वयंपाक नायक करतो. पण बंड्यादादांची अट आहे म्हणून तो प्रसंग त्याच गल्लीतल्या पाटाच्या जोडप्याला देतेय, दोन्ही घरं एका वाड्यात नाहीत, गल्लीच्या दोन टोकांना. पाणी भरताना दोघी बायका बोलतात.

बंड्या_नागपूरकर
१८९३ च्या पुण्यात दोघी एका हौदावर पाणी भरतील का, ते आधी बघा ताई.

रातवा
...नाही भरणार. मग कुठे भेटतील?

देवरुखकरीण
सुईणीकडे. बाळंतपण दोघींनाही चुकलेलं नाही.

वकीलसाहेबा
उत्तम. आणि दिराचं काय ठरलं? तो घेतलात का?

रातवा
घेतला! मदत करतो, कागदावर अंगठा घेतो आणि जमीन लाटतो. तिसऱ्या भागात त्याला प्लेगात मारायचा विचार आहे.

वकीलसाहेबा
मारू नका हो. आणि अंगठा कशाला? ती शाळेत जाते ना? सही करेल. आधी कागद वाचेल, मग सही करेल. जमीन तरीही जाईल, कायदाच तसा आहे, पण दिराचा चेहरा लिहायला मजा येईल तुम्हाला.

तात्पुरता
पुढील भागाच्या प्रतीक्षेत.